पाणी बांधातून आरपार गेले तेव्हा

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ॲनिमेशन आणि गेमिंगच्या धोरणाला मंजुरी दिली. ३,२६८ कोटींचा आकडा सगळ्यांनी वाचलाच आहे. त्याआधी, ऑगस्टमध्ये, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने कायद्याने बंदी आणली. तेव्हापासून घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो: गेम खेळण्याऐवजी बनवायला शिकायचे, तर सुरुवात कुठून करायची?

माझे उत्तर आहे, वहीच्या पानापासून.

आंबेगाव तालुक्यातल्या पारगावात, भीमाशंकर साखर कारखान्याच्या परिसरात माझी बहीण राहते. तिच्या नववीतल्या मुलाला गाड्या आणि बंदुकांचा गेम करायचा होता. मी म्हटले, तुला जे रोज दिसते त्याचा कर. मग ठरले, रात्री उसाला दारं धरण्याचा गेम. वीज आली की पाटाला पाणी सुटते. खोऱ्याने ते सरीत वळवायचे, सरी भरून फुटायच्या आत दारं मोडून पुढच्या सरीत घ्यायचे आणि वीज जाण्याआधी वावर भिजवायचे.

दोन दिवस संगणक उघडलाच नाही. कागदावर सऱ्या आखल्या, ज्वारीचे दाणे म्हणजे पाणी, फासा पडेल तितकी घरे ते पुढे सरकणार. सहा सऱ्यांचा खेळ फार सोपा निघाला, दहाचा कधी जिंकताच येईना. आठवर जमला. हे संगणकावर कळायला आठवडा गेला असता.

कागदावर खेळ तोलण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. सापशिडीचा पूर्वज असलेला मोक्षपट परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगितला जातो. त्या पटावर सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप. शिड्या थोड्या, साप जास्त. कुठल्या घरात साप ठेवला म्हणजे खेळणारा हळहळेल, पण पट उधळून उठून जाणार नाही, हा विचार त्या रचनेमागे आहे. गेम बनवणाऱ्याचे आजचे निम्मे काम तेच असते, आणि हा आपला वारसा गेमिंगच्या वर्गात पहिल्याच दिवशी शिकवायला हवा, असे मला मनापासून वाटते.

नंतर स्क्रॅच उघडले. अमेरिकेतल्या एमआयटीने २००७ साली मुलांसाठी खुली केलेली ही मोफत प्रणाली. आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे, की चित्र हलू लागते. पहिल्याच संध्याकाळी पाणी बांधातून आरपार गेले. भाचा म्हणाला, ‘‘मामा, संगणक बिघडलाय.’’ बिघडले काहीच नव्हते. पडद्यावरचे पाणी सलग वाहत नाही. सेकंदाला तीसेक वेळा ते एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागेवर ठेवले जाते. त्याचा थेंब दर वेळी २५ पावले उडी मारत होता आणि बांध होता १० पावले रुंद. थेंब एकदा बांधाच्या अलीकडे, एकदा पलीकडे. बांधाला तो शिवलाच नाही, मग अडणार कसा? एका उडीचे पाच-पाच पावलांचे पाच टप्पे केले, प्रत्येकानंतर ‘बांध लागला का?’ असे विचारायला लावले, आणि पाणी थांबले.

खरी परीक्षा त्याच्या आजीने घेतली. दुसऱ्याला गेम खेळायला द्यायचा तेव्हा बनवणाऱ्याने तोंड बंद ठेवायचे, हा चाचणीचा पहिला नियम. ‘इथे दाब, तिथे दाब’ सांगितले की चाचणी संपली. पोराला ते जड गेले, पण बसला गप्प. आजी हरल्या. पाणी सरीच्या शेवटाला पोचेपर्यंत त्यांनी वाट पाहिली आणि गेमने सरी फुटली असे ठरवले. त्या म्हणाल्या, ‘‘शेवटपर्यंत पाणी गेल्याबिगर दारं मोडत्यात का?’’ आयुष्यभर ऊस भिजवलेल्या बाईला त्याचा गेम चुकीचे ठरवत होता. त्या रात्री त्याने सगळे नियम बदलले.

हरून पुन्हा कामाला बसणे मोठ्यांनाही चुकत नाही. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने बनवलेला ‘राजी’ हा गेम २०२० साली आला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात नामांकनापर्यंत पोचला. त्याआधी २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. ही मंडळी थांबली नाहीत. मुलांना शिकवताना यशाइतकीच ती तीन वर्षेही सांगावीत.

नवशिक्याला महागडे संगणक आणि हजारोंची फी लागते, हे मला मान्य नाही. अनेक अभ्यासक्रमांत चाचणी शेवटी कधीतरी उरकली जाते, ती पहिल्या दिवसापासून हवी. धोरणाच्या पैशांतून तालुक्याच्या शाळांना आधी मराठीतून शिकवणारे शिक्षक द्यावेत, इमारती नंतर.

 घरातल्या पोराने गेम केला, तर कौतुक करून फोन परत देऊ नका. पूर्ण खेळा, आणि कुठे अडलात ते त्याला सांगा.