फर-उद्योगापासून ऊसवाहतुकीपर्यंत : बारामती-इंदापूर परिसरातील बैल आणि प्राणिक्रूरतेचा प्रश्न

प्रस्तावना

उद्योगातील प्राणिक्रूरतेचा विषय निघाला की चर्चासत्रांत बहुधा फर-उद्योगाचे उदाहरण दिले जाते. मिंक हा पाण्याच्या काठाने वावरणारा, तर कोल्हा जमिनीत बीळ करून राहणारा प्राणी. या उद्योगात दोघेही जाळीच्या अरुंद पिंजऱ्यांत वाढविले जातात आणि कातड्याला इजा होऊ नये म्हणून वायूने किंवा विजेच्या धक्क्याने मारले जातात. इंग्लंड व वेल्समध्ये फरसाठी प्राणी पाळण्यास बंदी घालणारा कायदा २००० साली झाला. भारतानेही २०१७ मध्ये मिंक, कोल्हा व चिंचिला यांच्या कातड्यांची आयात निषिद्ध ठरविली.

फरचा कोट आपल्या भागात कोणी वापरत नाही. त्यामुळे त्याचा निषेध करताना आपल्याला काहीच मोजावे लागत नाही. तथापि या उद्योगाचे मूळ लक्षण असे, की प्राण्याची वेदना मालाच्या हिशेबात धरली जात नाही. हे लक्षण आपल्या परिसरातील ऊसवाहतुकीतही आढळते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऊसपट्टा आणि बैलगाडी

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती व इंदापूर तालुक्यांत ऊसशेती वाढली. पुढे माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी अशा ठिकाणी सहकारी साखर कारखाने उभे राहिले. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतील ऊसतोड मजूर येथे येतात. त्यांतील अनेकजण स्वतःची बैलजोडी घेऊन येतात. ट्रॅक्टर व तोडणीयंत्रे आल्यामुळे बैलगाड्यांची संख्या घटली असली, तरी हंगामात उसाने भरलेली टायरगाडी हे दृश्य आजही नवे नाही.

वेदनेची कारणे

दोन चाकांच्या गाडीत भाराचा काही हिस्सा जुवावाटे थेट बैलांच्या मानेवर येतो. ऊस पुढच्या बाजूस अधिक रचला गेला, तर हा दाब वाढतो. लाकडी जू सतत घासल्याने कातडी सोलवटते आणि खांदेसूज होते. सुजलेल्या खांद्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा जू ठेवले जाते, म्हणून जखम भरून येत नाही. उतारावर गाडीचा भार मागून ढकलतो, तर डांबरी रस्त्यावर खूर घसरतात. पत्री मारल्याने खुराची झीज थांबते, परंतु घसरणे पुरते थांबत नाही. कारखान्यावर गाड्यांची रांग लागली की भरल्या गाडीला जुंपलेले बैल ताटकळत उभे राहतात.

आहाराचा प्रश्नही दुर्लक्षित आहे. हंगामात बैलांचे मुख्य खाद्य म्हणजे उसाचे वाढे. वाढ्यांतील ऑक्झलेट शरीरातील कॅल्शियमला बांधून ठेवते. केवळ वाढ्यांवर राहिलेले जनावर त्यामुळे अशक्त होते. वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडावी व जोडीला अन्य चारा द्यावा, असा सल्ला पशुवैद्यक देतात. मात्र रोजच्या कमाईवर जगणाऱ्या कुटुंबाला वेगळा चारा विकत घेणे परवडतेच असे नाही.

कायद्याची तरतूद

प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार जनावराला मारणे, त्याच्यावर अतिभार लादणे, तसेच जखमी जनावराला कामास जुंपणे हा गुन्हा आहे. १९६५ च्या नियमांनी बैलाचे आकारमान व गाडीच्या चाकांचा प्रकार लक्षात घेऊन भाराची कमाल मर्यादा ठरविली आहे. जनावराकडून दिवसात नऊ तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीविना सलग पाच तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही. तापमान ३७ अंश सेल्सियसच्या वर असेल तेथे दुपारी बारा ते तीन या वेळेत त्याला जुंपण्यास मनाई आहे. टोकदार पराणीही निषिद्ध आहे. मात्र अधिनियमातील पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये एवढाच आहे.

बैलगाडा शर्यतीचा प्रश्न २०१४ च्या बंदीपासून २०२३ च्या घटनापीठाच्या निकालापर्यंत सर्वोच्च न्यायालयात गाजला. शर्यत काही क्षणांची असते. ऊसवाहतूक हंगामभर चालते. तिच्याविषयी मात्र तेवढी चर्चा झाली नाही.

जबाबदारी कोणाची?

गाडीवानाला क्रूर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ते न्याय्य मात्र नाही. त्याला मोबदला टनावर मिळतो. मुकादमाकडून घेतलेली उचल त्याला हंगामातच फेडावयाची असते. बैल त्याच्या मालकीचा, औषधपाण्याचा खर्च त्याचा आणि बैल मेला तर नुकसानही त्याचेच. प्रत्येक खेपेत अधिक ऊस भरणे ही त्याची गरज ठरते. साखरेच्या उत्पादनखर्चात बैलाच्या खांद्याची नोंद कोठेही होत नाही. पिंजऱ्यात प्राणी ठेवणारा मालक आणि बैलाला घरच्यासारखे वागविणारा मजूर यांची तुलना होऊ शकत नाही. दोन्हीकडे हिशेबाची रीत मात्र सारखीच आहे.

उपायांची दिशा

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक गाडीचे वजन काट्यावर होते. म्हणजे अतिभाराचा पुरावा रोज पावतीवर छापला जातो; तो त्या दृष्टीने वाचला जात नाही, इतकेच. गाडीमागे भारमर्यादा ठरवून तिचे पालन काट्यावरच करता येईल. मात्र मजुराची मिळकत घटू नये म्हणून वाहतूक दरात त्या प्रमाणात वाढ करावी लागेल. बैलगाड्यांना रांगेत अग्रक्रम, गाडीतळावर पाणी व सावली आणि हंगामापूर्वी पशुवैद्यकीय तपासणी हे उपाय फारसे खर्चिक नाहीत. सांगली जिल्ह्यातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये मानेवरील भार कमी करणारे आधारचाक तयार केले होते. आपल्या महाविद्यालयांनाही या दिशेने काम करता येईल. काट्यावरील नोंदी व बैलांची तपासणी यांवर आधारित विद्यार्थी-प्रकल्प एका हंगामात पूर्ण होऊ शकतो.

निष्कर्ष

दूरच्या पिंजऱ्यातील कोल्ह्याविषयी वाटणारी करुणा खोटी नाही. परंतु तिची कसोटी आपल्याच रस्त्यावर लागते. या परिसरातील अनेक प्राध्यापकांची, विद्यार्थ्यांची घरे उसाच्या उत्पन्नावर उभी आहेत. म्हणूनच हा प्रश्न इतरांच्या क्रूरतेचा न राहता आपल्या हिशेबाचा ठरतो. बेंदराला वा पोळ्याला खांदेमळणी करून ज्या खांद्याला आपण लोणी-हळद लावतो, त्याच खांद्यावरील भाराची मर्यादा काट्याच्या पावतीवर यावी, एवढीच या विवेचनाची मागणी आहे.