रोपवाटिकेतला कचरा आणि आमची मिरवेल

आमच्या बचतगटाची रोपवाटिका रत्नागिरी जिल्ह्यात आहे. जागा जेमतेम अकरा गुंठे. आंब्याची कलमं, काजू, सुपारी, मिरवेल आणि थोडी फुलझाडं एवढाच पसारा. बारा जणी आळीपाळीने काम करतो. आज रोपांबद्दल नाही, रोपं विकून झाल्यावर मागे जे उरतं त्याबद्दल बोलायचं आहे. ते उरलेलं एका वर्षी आमच्या चांगलंच अंगाशी आलं होतं.

पहिली दोन वर्षं आमची पद्धत सोपी होती. फाटक्या काळ्या पिशव्या, मेलेली रोपं, कलम बांधायच्या पट्ट्या, खताची गोणपाटं, पातेरा, सगळं बांधाच्या कोपऱ्यात लोटायचं आणि शनिवारी काडी लावायची. आपल्या कोकणात राब भाजायची सवय जुनी, त्यामुळे पातेरा दिसला की हात काडेपेटीकडे जातोच. पण राबात शेण, कवळ, गवत असायचं. आमच्या ढिगात प्लास्टिक होतं. गटातल्या एका काकूंना दमा आहे. त्या शनिवारी कामावर यायच्या नाहीत आणि आम्ही आपसात म्हणायचो, काकू काम टाळतात. काय होत होतं ते कळायला आम्हाला दोन वर्षं लागली.

मग आम्ही शहाण्या झालो, म्हणजे आम्हाला तसं वाटलं. जाळायचं नाही, सगळं परत वापरायचं असं ठरवलं. आदल्या पावसात मिरवेलीची बरीच रोपं मेली होती. त्यांच्या पिशव्या मातीसकट तशाच पडून होत्या. नव्या पिशव्या आणि नवी माती कशाला, म्हणून त्यातच नवे फाटे लावले. एका बागायतदारांनी चारशे रोपं सांगितली होती, अर्धे पैसे आगाऊ दिले होते. जुलै लागला तशी पानांवर काळे डाग आले, देठ काळे पडले आणि पंधरा दिवसांत निम्म्याहून जास्त रोपं माना टाकून बसली. कृषी सहायकांनी एक रोप उपटून दाखवलं, मूळ कुजलेलं. फायटोप्थोरा नावाची बुरशी असते, तीच मिरीची मर. ती मेलेल्या रोपाबरोबर मरत नाही. मातीत, कुजलेल्या मुळांत राहते आणि पावसाच्या पाण्याबरोबर पसरते. आम्ही आमच्या हातांनी तिला नव्या रोपाखाली नेऊन ठेवलं होतं. आगाऊ पैसे परत करावे लागले. त्या महिन्याचा कर्जाचा हप्ता आम्ही घरच्या पैशांतून भरला. कोणी कोणाला काही बोललं नाही, पण आठवडाभर रोपवाटिकेत हसणंही नव्हतं.

तेव्हापासून आमच्याकडे रोगट रोप आणि त्याची माती वेगळ्या जागी जाते, विहिरीपासून आणि गादीवाफ्यांपासून लांब. वेल पिशवीतून काढून, वाळवून जाळतो. आमच्याकडे आता तेवढाच जाळ होतो, त्यात प्लास्टिकचा तुकडाही नसतो. माती फेकत नाही. एप्रिल-मे महिन्यात ती अंगणात वीतभर जाडीने पसरतो, पाण्याने ओली करतो आणि वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीने बंद करतो. पारदर्शकच हवं, कारण ऊन आत जायला पाहिजे. चार ते सहा आठवडे ठेवायचं. आतली माती इतकी तापते की हात लावताना चटका बसतो, आणि बुरशी, सूत्रकृमी, गवताचं बी बरंचसं मरतं. तरीही ही माती आम्ही मिरवेलीला वापरत नाही, फुलझाडांना वापरतो. एकदा भाजलेलं तोंड आहे आमचं.

पिशव्यांचं सांगतो. गिऱ्हाईक कलम घेऊन जातं, खड्ड्यात लावतं आणि पिशवी तिथेच बांधावर टाकतं. काही जण तर पिशवीसकट लावतात! मग मुळं आतल्या आत गोल फिरतात, झाड दोन-तीन वर्षं तग धरतं आणि वाऱ्यात आडवं होतं. नाव मात्र आमच्या कलमाचं खराब होतं. म्हणून आता विकताना आम्ही लावायची रीत करून दाखवतो. पिशवीला बाजूने ब्लेडने चीर द्यायची, मातीचा गड्डा न फोडता खड्ड्यात बसवायचा आणि पिशवी काढून घ्यायची. पिशव्या परत आणल्या तर पुढच्या खरेदीत सूट देतो. सगळे आणत नाहीत. मुलांच्या हाती पाठवणारे मात्र बरेच निघाले.

आलेल्या पिशव्यांत अखंड आणि चिरलेल्या वेगळ्या करतो. अखंड पिशव्यांची माती झटकून आधी साध्या पाण्याने धुतो. मळ तसाच राहिला तर औषधाचा उपयोग होत नाही. मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात अर्धा तास बुडवून, पुन्हा धुऊन उन्हात वाळवतो. हे काम उघड्यावर, हातमोजे घालून करायचं आणि त्या पाण्यात दुसरं काहीही मिसळायचं नाही. चिरलेल्या पिशव्या धुऊन, वाळवून गोणीत भरतो. भंगारवाला पूर्वी आमच्याकडे बघतही नव्हता, कारण पिशव्यांना चिखल असायचा. कोरड्या दिल्या की नेतो. पैसे फार नाहीत, पण माल जातो.

कलमाच्या पट्ट्या दिसायला क्षुल्लक. कलम जुळल्यावर पट्टी सोडवली नाही तर खोडात रुतते, आणि सोडवली की मातीत पडून राहते. म्हणून कलमं सोडवणारीच्या कमरेला आता एक डबा बांधलेला असतो. संध्याकाळी डबा गोणीत रिकामा.

पातेऱ्याचं मात्र सोनं झालं. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, म्हणजे नाडेप काका, यांनी बांधलेल्या टाक्यातल्या खताची पद्धत दिली. मूळ टाकं दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, आणि भिंतींना हवेसाठी भोकं. आम्ही जांभ्याच्या चिऱ्यांचं लहान टाकं केलं, चिऱ्यांमध्ये फटी ठेवून. पातेरा वीतभर, त्यावर शेणकाला, त्यावर चाळलेली माती, असे थर वरपर्यंत. शेवटी शेणमातीने लिंपायचं. पंधरा-वीस दिवसांत ढीग खाली बसतो, तेव्हा पुन्हा भरायचा. तीन ते चार महिन्यांत खत होतं.

आंब्याचं पान चिवट असतं, ते एकटं लवकर कुजत नाही. त्यात गिरिपुष्पाचा ओला पाला मिसळला की कुजणं वेग धरतं. ओल किती हवी ते मुठीत दाबून बघा. हात ओला व्हावा, पण पाणी ठिबकू नये. आपल्या पावसात टाकं उघडं ठेवलं तर खताचा कस वाहून जातो आणि घाण वास सुटतो, म्हणून वर झापांचं छप्पर हवंच. आणि फुलावर आलेलं तण टाक्यात नको, नाहीतर तेच तण पुढच्या वर्षी पिशवीत उगवतं. नारळाची सोडणं आम्ही टाक्यात घालत नाही, आळ्यात उताणी रचतो. पाणी धरून ठेवतात.

कोयींचं सांगायचं राहिलं. रायवळ आंब्याची साठं घालून झाली की घरोघर कोयी उकिरड्यावर जातात. आम्ही मे महिन्यात त्या गोळा करतो आणि बदल्यात फुलझाडाचं एक रोप देतो. कोयी पाण्यात टाकायच्या, तरंगतील त्या काढायच्या, बुडालेल्या लगेच गादीवाफ्यावर पेरायच्या. जुनी कोय उगवत नाही. याच रोपांवर आमची हापूसची कलमं बांधली जातात.

शेवटी औषधांच्या बाटल्या. हा एकच कचरा असा, की तो परत वापरायचा नाही म्हणजे नाही. त्यात तेल नको, पाणी नको, भंगारातही नको. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओततो आणि बाटलीला भोक पाडतो. फोडून वस्तीपासून दूर पुरायची असा नियम आहे. आमची जमीन कातळाची, पाणी झिरपून कुठल्या विहिरीत निघेल याचा नेम नाही, म्हणून जागा उतारावर, विहिरींच्या खालच्या अंगाला निवडली. खरं तर बाटल्या कमी आणणं हाच बरा उपाय. रोगट माती वेगळी ठेवायला लागल्यापासून मिरवेलीवरची फवारणी निम्म्यावर आली आहे. काकूही आता शनिवारी येतात, टाक्याचे थर त्याच भरून घेतात.