‘डिजिटल अटक’ कायद्यात नाहीच!

मोबाईल आता घरोघरी पोहोचला, पण कायद्याची माहिती काही त्याच्यासोबत पोहोचली नाही. नेमका याचाच फायदा भामटे घेत आहेत. व्हिडिओ कॉलवर खाकी गणवेशातला माणूस दिसतो. ‘तुमच्या आधारवर गुन्हा दाखल आहे, तुम्हाला डिजिटल अटक केली आहे, फोन बंद करू नका, घरात कोणाला सांगू नका,’ असे दरडावतो. आयुष्यभर राबून निवृत्त झालेला माणूस घाबरतो आणि फंडाची रक्कम त्याच्या खात्यात भरतो.

आम्ही स्पष्ट सांगतो, ‘डिजिटल अटक’ असा प्रकार भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. संविधानाचे कलम २२ काय सांगते? अटक झालेल्याला अटकेचे कारण कळले पाहिजे, आपल्या पसंतीचा वकील भेटला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. मग ‘वकिलालाही सांगू नकोस’ म्हणणारा पोलीस कसा असेल? पोलिसांनी हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवणे ग्राह्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले आहे. या फसवणुकीचे लोण इतके पसरले की डिसेंबर २०२५ मध्ये याच न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवला.

तेव्हा बंधू-भगिनींनो, चार गोष्टी गाठीशी बांधा. ओटीपी आणि पिन कोणालाही सांगू नका, बँकेचा माणूस म्हणवणाऱ्यालाही नाही. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी नाही. ‘पैसे मिळतील, पिन टाका’ म्हणणारा चोरच समजा. अनोळखी लिंक उघडू नका, कोणाच्या सांगण्यावरून ॲप घेऊ नका. आणि धमकीचा फोन आला की तो सरळ कापा व घरच्यांना सांगा. भामट्याचा सारा डाव तुम्हाला एकटे पाडण्यावर उभा असतो.

तरीही पैसे गेले तर रडत बसू नका. तत्काळ १९३० या क्रमांकावर फोन करा, बँकेला कळवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. चोरलेली रक्कम मिनिटामिनिटाला एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकते. जितक्या लवकर कळवाल, तितकी ती गोठवता येण्याची शक्यता जास्त. संदेश, नंबर, पावत्या पुसू नका, तोच पुरावा आहे. ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नसतील, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवा. तिथेही दाद लागली नाही, तर दंडाधिकाऱ्याचे दार उघडे आहे.

‘लोक हसतील’ म्हणून अनेकजण गप्प बसतात. लाज फसवणाऱ्याला वाटली पाहिजे, फसलेल्याला नव्हे. विहारात, वाचनालयात, महिला मंडळात तरुणांनी आठवड्यातून एक तास काढून वडीलधाऱ्यांना हे समजावून सांगावे. फोन घेऊन देणाऱ्या मुलांनी तो वापरायचा कसा, हेही शिकवावे. हक्क माहीत असलेल्या माणसाला खोट्या खाकीची भीती दाखवता येत नाही.