खेळ अडखळतो तेव्हा पडद्यामागे कोण असतं?

रात्रीचे साडेनऊ. जेवणं उरकली आहेत, गृहपाठ (बहुधा) झालेला आहे आणि घरातला एकुलता एक लॅपटॉप तासाभरासाठी मुलाच्या ताब्यात आला आहे. ‘जीटीए फाइव्ह’ सुरू होतो. गाडी चौकात वळते आणि चित्र थिजतं. अर्धा सेकंदच. पण चित्र पुन्हा हलतं तोवर गाडी खांबावर आदळलेली असते. ‘लॅपटॉप जुना झालाय, नवा घ्यायला हवा,’ असा मुलाचा निकाल. ‘दिवसभर मी त्यावरच काम केलं, तेव्हा बरा चालत होता,’ असं बाबांचं म्हणणं. गंमत म्हणजे बाबांच्या त्या दिवसभराच्या कामातच या अडखळण्याचं कारण दडलेलं असू शकतं.

बाबांनी खिडक्या बंद केल्या, प्रोग्रॅम नव्हे. मीटिंगचा प्रोग्रॅम घड्याळाशेजारच्या छोट्या बाणाखाली जागाच आहे. ऑफिसच्या फाइली इंटरनेटवर चढवणारा प्रोग्रॅम दुपारच्या प्रेझेंटेशनची नवी प्रत पाठवतो आहे. प्रिंटरसोबत आलेला मदतनीस, मेसेजचं अ‍ॅप, ब्राउजर हे सगळे तिथेच आहेत. ‘क्रोम’सारखा ब्राउजर तर खिडकी मिटल्यावरही मागे चालू राहू शकतो, तशी सोय त्याच्या सेटिंगमध्ये असते आणि अनेकांना तिचा पत्ताही नसतो.

पण यातलं नेमकं काय खेळाला नडतं? ते समजण्यासाठी वेळेचा हिशेब मांडावा लागतो. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे फ्रेम, दाखवायच्या तर एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. तेवढ्यात खेळाला कुठली कळ दाबली ते पाहायचं असतं, गाडी कुठे पोहोचली ते मोजायचं असतं, रस्त्यावरच्या माणसांना हलवायचं असतं आणि हे सगळं रंगवून पडद्यावर आणायचं असतं. १४४ हर्ट्झचा पडदा असेल तर हाच अवधी सात मिलिसेकंदांहून कमी उरतो.

माणसाला चित्र पाहून कळ दाबायलाच साधारण २०० मिलिसेकंद लागतात. मग दहा-पंधरा मिलिसेकंदांचं एवढं कौतुक कशाला? कारण डोळ्याला वेगापेक्षा लय मोडलेली लवकर कळते. तबल्याचा ठेका चुकला की गाणं न शिकलेला माणूसही चमकून पाहतो, तसंच हे.

म्हणूनच ‘सरासरी ६० फ्रेम मिळतात’ हे वाक्य फसवं आहे. एका सेकंदातल्या ५९ फ्रेम प्रत्येकी १० मिलिसेकंदांत आल्या आणि एकच फ्रेम ४१० मिलिसेकंद अडकली, तरी सरासरी ६० च येते. खेळणाऱ्याला मात्र जवळजवळ अर्ध्या सेकंदाचा खड्डा जाणवतो. संगणकांची परीक्षणं करणाऱ्या स्कॉट वॉसन यांनी २०११ मध्ये हा मुद्दा लावून धरला आणि फ्रेम मोजण्याऐवजी प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ मोजायला सुरुवात केली. आज परीक्षणांत सरासरीच्या शेजारी सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा आकडाही छापला जातो. मागचे प्रोग्रॅम बंद केल्याचा फायदा बहुतेक वेळा याच दुसऱ्या आकड्यात दिसतो. सरासरी जेमतेम हलते, धक्के मात्र कमी होतात.

आता प्रोसेसरकडे. नुकत्याच चालू केलेल्या विंडोजमध्येही शंभराहून अधिक प्रक्रिया चालू दिसतात आणि ती यादी पाहून घाबरायला होतं. प्रत्यक्षात त्यातल्या बहुतेक झोपलेल्या असतात. प्रोसेसरचा वेळ कुणाला द्यायचा हे विंडोज ० ते ३१ अशा प्राधान्यक्रमाने ठरवतं आणि समोर उघडलेल्या प्रोग्रॅमला, इथे खेळाला, झुकतं माप देतं. त्यामुळे यादीतली संख्या कमी करत बसण्यात अर्थ नाही. जो मध्येच जागा होऊन जोरात काम करू लागतो, तो शोधायचा. फाइली चढवणारा, अपडेट उतरवणारा, व्हिडिओ मुद्रित करणारा.

खरा घोटाळा होतो तो मेमरीत. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी घेतलेल्या अनेक लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम आणि जुन्या पद्धतीची, फिरणारी हार्ड डिस्क आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, तर चित्रं रंगवणारा भागही याच ८ जीबीतून आपला वाटा घेतो. विंडोज, ब्राउजर आणि खेळ मिळून रॅम भरली, की विंडोज काही मजकूर तात्पुरता डिस्कवर हलवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. रॅममधून माहिती मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. लॅपटॉपमधली हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा फिरून समोर येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, त्यात वाचणारा दांडा सरकण्याचा वेळ. एकदा डिस्कवर जायचं म्हटलं तरी पूर्ण फ्रेमचा वेळ तिथेच खर्ची पडतो. आणि खेळाला अशा एका नव्हे, शेकडो तुकड्यांची गरज पडली तर चौकात वळलेली गाडी खांबावरच जाणार. एसएसडी असेल तर हाच फेरा मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात होतो. त्यामुळे तीच कमतरता तिथे फारशी जाणवत नाही.

तेव्हा आधी पाहणी. खेळ चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि डिस्क शंभराला टेकलेली दिसली, तर मागचे प्रोग्रॅम बंद करण्याने फरक पडेल, तोही चांगलाच. ग्राफिक्सचा म्हणजे जीपीयूचा आकडा सतत शंभराच्या आसपास आणि बाकी सगळं निवांत असेल, तर वीस प्रोग्रॅम बंद करूनही काही हाती लागणार नाही. तिथे खेळातलं रेझोल्यूशन आणि सावल्यांचा दर्जा कमी करणं हाच उपाय. आणि चित्र गुळगुळीत हलतंय पण गोळी लागूनही शत्रू मरत नाही, अशी तक्रार असेल तर ती इंटरनेटची. मुलं या सगळ्यालाच ‘लॅग’ म्हणतात, त्यामुळे औषध चुकतं.

बंद काय करायचं? टास्क मॅनेजरमध्ये संगणकासोबत आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची ‘स्टार्टअप’ यादी असते. विंडोज ८ पासून ती तिथे आहे. मीटिंगचा प्रोग्रॅम, गाण्यांचं अ‍ॅप, खेळांची दुकानं, प्रिंटरचा मदतनीस यांना तिथे ‘डिसेबल’ केलं तरी ते पुसले जात नाहीत. लागतील तेव्हा हाताने उघडता येतात. ब्राउजर पूर्ण बंद करावा. फाइली चढवणारा प्रोग्रॅम तासाभरासाठी थांबवता येतो, फक्त बाबांचं प्रेझेंटेशन चढून झालंय ना ते विचारून घ्यावं! खेळाचे शेवटचे काही क्षण सतत मुद्रित करून ठेवण्याची सोय विंडोजमध्ये आहे. ती चालू असेल तर बंद करावी. २०१७ मध्ये विंडोज १० मध्ये आलेला ‘गेम मोड’ मात्र चालू ठेवावा. खेळ सुरू असताना अपडेट यंत्रणेला ड्रायव्हर बसवण्यापासून आणि ‘रीस्टार्ट करा’ असा तगादा लावण्यापासून तो रोखतो.

इथवर सगळं निर्धोक आहे. पुढची पायरी म्हणजे ‘सर्व्हिसेस’ची यादी, आणि तिथे व्हिडिओ पाहून सरसकट खुणा काढणारे बरेच असतात. दुसऱ्या दिवशी आवाज येत नाही, वायफाय सापडत नाही, प्रिंटर दिसत नाही. कुठल्या खुणा काढल्या तेही आठवत नसतं. या यादीत मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपवण्याची एक चौकट असते. तिच्यावर आधी खूण करावी आणि उरलेल्यांचाच विचार करावा. त्यातही सगळ्या निरुपयोगी नसतात. ‘व्हॅलोरंट’ खेळताना फसवेगिरी पकडणारा ‘व्हॅनगार्ड’ हा भाग संगणकासोबतच सुरू व्हावा लागतो. तो बंद केला तर खेळच चालू होत नाही.

‘एका टिचकीत रॅम साफ’ करणाऱ्या बूस्टरांबद्दल थोडक्यात. रिकामी रॅम म्हणजे वाचलेली रॅम नव्हे. विंडोज मोकळ्या जागेत पुढे लागतील अशा गोष्टी आणून ठेवतं आणि खेळाने मागितल्याबरोबर ती जागा सोडतं. बूस्टर तिथलं सगळं बाहेर ढकलतो, आकडा सुंदर दिसतो आणि ढकललेलं पुन्हा आणताना खेळ अडखळतो. शिवाय तो स्वतःही मागे चालणारा एक प्रोग्रॅमच असतो.

अँटीव्हायरसचा प्रश्न वेगळा आणि गंभीर आहे. पूर्ण स्कॅन चालू असताना खेळ मंदावतो हे खरं. त्यासाठी स्कॅनची वेळ बदलावी. पण चार फ्रेम जास्त मिळाव्यात म्हणून संरक्षणच काढून टाकण्याचा सल्ला मुलं सहज मानतात. फुकटात मिळवलेल्या खेळासोबत ‘बसवण्याआधी अँटीव्हायरस बंद करा’ अशी सूचना आली, तर ती हमखास पाळली जाते. त्याच लॅपटॉपवर आईचं बँकेचं खातं उघडलं जातं, याची आठवण त्या वेळी कुणाला नसते.

याचं काय होऊ शकतं, ते जून २०२१ मध्ये अवास्ट या कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं. काही ग्राहकांच्या संगणकातून अँटीव्हायरस अचानक नाहीसा झाला होता. शोध घेतला तेव्हा कुलूप तोडून फुकट वाटलेल्या खेळांमध्ये, त्यात ‘जीटीए फाइव्ह’ही होता, एक लपलेला प्रोग्रॅम सापडला. चेक लोककथेतल्या डोंगरातल्या भुतावरून त्याचं नाव ‘क्रॅकोनॉश’ ठेवलं गेलं. तो संगणक ‘सेफ मोड’मध्ये पुन्हा सुरू करायचा. त्या अवस्थेत अँटीव्हायरस चालत नाही, ही संधी साधून तो संरक्षण पुसून टाकायचा आणि विंडोजचे अपडेटही बंद पाडायचा. घड्याळाशेजारी विंडोजच्या सुरक्षेचं खोटं चिन्ह मात्र बसवून ठेवायचा, म्हणजे पाहणाऱ्याला सगळं ठीक वाटावं. मग मालकाच्या विजेवर आणि प्रोसेसरवर ‘मोनेरो’ हे आभासी चलन तयार करायचं काम सुरू. २०१८ पासून २ लाख २२ हजारांहून अधिक संगणक त्याने ग्रासले आणि त्याच्या कर्त्याने सुमारे २० लाख डॉलर मिळवले, असा अवास्टचा हिशेब होता. खेळ वेगाने चालावा म्हणून उघडलेल्या दारातून प्रोसेसर खाणाराच आत आला!

अशा पाहुण्याची काही चिन्हं असतात. खेळ बंद, ब्राउजर बंद, तरी पंखा घोंघावतो आणि लॅपटॉप तापतो. विंडोजच्या सुरक्षेचं पान उघडतच नाही. अपडेट महिनोन्‌महिने आलेले नसतात. तिथे स्टार्टअप यादीशी खेळत बसू नये. लॅपटॉप इंटरनेटपासून तोडावा, फोटो आणि कागदपत्रं वेगळ्या ड्राइव्हवर घ्यावीत, जाणकाराकडून विंडोज नव्याने बसवून घ्यावं. आणि पासवर्ड बदलावेत ते दुसऱ्या फोनवरून, सर्वांत आधी बँकेचा.