कुलूप उघडल्यानंतर : साथीचा काळ आणि विद्यार्थ्यांचे आरोग्य

साथ आली की सरकारचा एक हुकूम ठरलेला असतो : शाळा-कॉलेजे बंद. प्लेगच्या वेळी, १८९७ साली केलेला साथरोग कायदा महाराष्ट्रात १३ मार्च २०२० रोजी पुन्हा लागू झाला आणि काही दिवसांतच वर्गांना कुलपे लागली. कुलूप लावणे सोपे असते. ते उघडल्यावर एका खोलीत साठ-सत्तर मुले बसणार, त्यांना सांभाळायचे कसे, हा खरा प्रश्न. महाराष्ट्रात घडलेले दोन प्रसंग शेजारी ठेवले, तर त्याचे बरेचसे उत्तर सापडते.

पहिला प्रसंग पाचगणीचा. जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ रोजी स्वाइन फ्लूची जागतिक साथ जाहीर केली. त्याच जूनच्या अखेरीस पाचगणीच्या एका निवासी शाळेत तापाचे रुग्ण वाढू लागले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या संशोधकांनी या उद्रेकाचा अभ्यास केला. शाळेतल्या ४१५ जणांपैकी २९५ जण, म्हणजे ७१ टक्के, फ्लूसारख्या तापाने आजारी पडले होते. पुढे रक्त तपासले तेव्हा शाळेतल्या ५२ टक्के लोकांत या नव्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. शाळेबाहेरच्या वस्तीत हे प्रमाण ९ टक्के होते.

या आकड्यांचा अर्थ लावला पाहिजे. निवासी शाळेला कुंपण असते, येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद असते. पण विषाणू एकदा आत शिरला की तेच कुंपण त्याच्या पथ्यावर पडते : झोपायला एक दालन, जेवायला एक पंगत, बसायला एक वर्ग. दुसरी गोष्ट चाचण्यांची. ८२ आजाऱ्यांच्या घशातले नमुने तपासले, त्यांपैकी नवा विषाणू सापडला फक्त १५ जणांत. विषाणू घशात थोडेच दिवस सापडतो आणि तापाला इतर विषाणूही कारण असू शकतात. म्हणून अहवाल येईपर्यंत थांबणारी शाळा नेहमीच उशिरा जागी होते. ताप-खोकला दिसताच मुलाला वेगळे ठेवणे, हेच हाती उरते.

दुसरा प्रसंग २०२१चा, आणि तो शहाडसारख्या ठिकाणाहून पाहिला तरच नीट कळतो. कसारा मार्गावर कल्याणनंतरचे हे पहिले स्थानक. एका अंगाला कल्याण-डोंबिवली महापालिका, दुसऱ्या अंगाला उल्हासनगर. इथली मुले कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयात जातात, उल्हासनगरला जातात, थेट मुंबईपर्यंतही जातात; आणि टिटवाळा, वासिंद, आसनगावकडची मुले याच गाड्यांनी इकडे येतात. इथल्या कॉलेजचे आवार फाटकाशी सुरू होत नाही, ते लोकलच्या डब्यात सुरू होते.

राज्यातली महाविद्यालये २० ऑक्टोबर २०२१पासून उघडली, ती दोन्ही डोस घेतलेल्यांसाठी. लोकलचा नियम १५ ऑगस्टपासून त्याहून कडक होता : दुसऱ्या डोसनंतरही १४ दिवस झालेले हवेत. कोविशील्डच्या दोन डोसांत तेव्हा ८४ दिवसांचे अंतर होते. हिशेब करून पाहा. ज्या विद्यार्थ्याला पहिला डोस १४ जुलैपर्यंत मिळाला, तोच २० ऑक्टोबरला गाडीत पाय ठेवू शकत होता. ज्याला ऑगस्टमध्ये मिळाला, त्याला कॉलेजात प्रवेश मिळण्याची वेळ आली तरी लोकल बंदच. अठरा वर्षांखालच्यांना तर लसच नव्हती; १५ ते १८ वयोगटाचे लसीकरण ३ जानेवारी २०२२ला सुरू झाले. ऑक्टोबरअखेर 'मिशन युवा स्वास्थ्य' या मोहिमेत कॉलेजांतच लस देण्यात आली. हे पाऊल योग्य होते. विद्यार्थी जिथे येतो तिथे लस गेली. पण वर्ग उघडण्याच्या आधी निघायला हवी होती ती मोहीम वर्ग उघडल्यावर निघाली.

पाचगणीची शाळा बंदिस्त, शहाडचा विद्यार्थी रोजचा प्रवासी. तरी दोन्हीकडे करायची कामे फार वेगळी नाहीत. पहिले काम हवेचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये अशा जागांसाठी माणशी दर सेकंदाला १० लिटर ताजी हवा असावी असे सुचवले. साठ जणांच्या वर्गाला ती ६०० लिटर लागते. समोरासमोरच्या खिडक्या आणि दारे उघडी राहिली, तर यातले पुष्कळसे काम फुकट होते. दुसरे काम एका खोलीचे, जिथे तास चालू असताना ताप आलेला विद्यार्थी घरचे माणूस येईपर्यंत बसू शकेल.

तिसरे काम कागदावरचे आहे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. मुंबई विद्यापीठात ७५ टक्के उपस्थितीचा नियम आहे. आजारपणाची सवलत मागता येते, पण त्यासाठी डॉक्टरचे प्रमाणपत्र जोडावे लागते. दोन दिवसांच्या तापासाठी दवाखान्याची फी भरण्यापेक्षा मुलगा क्रोसीनची गोळी घेतो, ७.१०ची लोकल पकडतो आणि वर्गात येऊन खोकतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. नियमच त्याला गाडीत बसवतो. साथीच्या काळात तापाच्या पाच-सात दिवसांची रजा नुसत्या पालकांच्या चिठ्ठीवर मिळाली आणि बुडालेले प्रात्यक्षिक पुढच्या आठवड्यात करू दिले, तर आजारी मुलगा घरी थांबेल. तापमापक घेऊन फाटकावर माणूस उभा करण्यापेक्षा याचा उपयोग अधिक, कारण फाटकापर्यंत पोचलेला मुलगा अर्धा तास डब्यात काढून आलेला असतो.

यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही, नव्या कायद्याचीही गरज नाही. लागते ती आधीची तयारी. पुढची साथ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. पण हजेरीचा नियम बदलायला तिची वाट पाहण्याचे कारण नाही. साधा फ्लू दर पावसाळ्यात येतोच, त्याच्यावर ही व्यवस्था तपासून पाहता येईल.