सायकॉलॉजीत एम.ए. झालं, म्हणून मुलांचं निदान करता येत नाही

"मुलगी सायकॉलॉजीत एम.ए. करतेय. झालं की सिविक सेंटरला एक गाळा घेऊन देऊ. मुलांच्या टेस्ट घेईल, रिपोर्ट देईल." भिलाईतल्या मराठी घरांत हे इतक्यांदा ऐकलंय, की आता स्पष्टच सांगते: असं करता येत नाही. विशेष विषय शैक्षणिक मानसशास्त्र असला तरी नाही.

इंग्लंडमध्ये शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ व्हायला तीन वर्षांची डॉक्टरेट आणि नोंदणी लागते. आपल्याकडे त्या नावाची वेगळी नोंदणीच नाही. नोंदणी आहे ती चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ यांची, भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे. त्यासाठी परिषदेची मान्यता असलेला, प्रत्यक्ष रुग्णांसोबतच्या प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम करावा लागतो. नोंदणीशिवाय हा व्यवसाय केला तर परिषदेच्या १९९२च्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. 'सगळेच करतात' हे उत्तर मला देऊ नका. चुकीच्या रिपोर्टवर एखाद्या मुलाला 'मंद' ठरवलं, तर ते लेबल त्याला वर्षानुवर्षं वागवावं लागतं.

हे ऐकून काही पालक दुसऱ्या टोकाला जातात: "मग ही पदवी काय कामाची?" पुष्कळ कामाची. आठवीतल्या मुलाला शाब्दिक उदाहरणं जमत नाहीत. अडचण वाचनात आहे, अपूर्णांक कच्चे राहिलेत, भीती बसली आहे, की वर्गात शिकवण्याचा वेग त्याला झेपत नाही? वर्गात बसून पाहणं, वह्या चाळणं, बाईंशी बोलणं आणि मग शिकवण्याची पद्धत बदलून पुन्हा पाहणं हे या विषयाचं खरं काम. मानसशास्त्रज्ञ बिने यांनी १९०५मध्ये बुद्धिमत्तेची चाचणी तयार केली तीसुद्धा शाळेत कोणत्या मुलांना जास्तीची मदत हवी हे कळावं म्हणून. ती चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. १९४०चं त्यांचं पुस्तक त्यावरच आहे. 'बिने-कामत' आजही वापरात आहे. बुद्ध्यंकाचा आकडा मिळाला की काम संपतं, असं समजू नका. पुढे मुलासाठी काय करायचं, ते तिथून ठरवायचं असतं.

नोकऱ्या नाहीत, हाही समजच. २५ जुलै २०२५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलं आहे. त्यात कोचिंग क्लासही आले, म्हणजे सिविक सेंटरमधलेसुद्धा. सीबीएसईच्या संलग्नता नियमांतही समुपदेशकाची तरतूद आहे. शाळेतल्या कामासाठी एनसीईआरटीची मार्गदर्शन आणि समुपदेशनाची पदविका एम.ए.ला चांगली जोड देते.

बाकीचे समज थोडक्यात. "बी.एड.ला हाच पेपर असतो": तिथे ओळख होते, काम शिकवलं जात नाही. "घरबसल्या दूरस्थ एम.ए. करू": जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केले आहेत. "बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल कळतो": नाही कळत. ठशांच्या या चाचणीला, म्हणजे डीएमआयटीला, शास्त्रीय आधार नाही; त्यावर पैसे घालवू नका. "आमचा मुलगा पाहून शिकणारा, तुमचा ऐकून शिकणारा": २००८मध्ये पॅशलर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासलं, तेव्हा अशा विभागणीप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो याचा पुरेसा पुरावा सापडला नाही. "हुशार मुलाला समुपदेशक कशाला?": जेईईच्या वर्गातली मुलं हुशारच असतात, आणि ताण त्यांनाही येतो.

फी भरण्याआधी महाविद्यालयाला तीन गोष्टी विचारा: प्रत्यक्ष शाळेत किती तास काम करायला मिळतं, त्यावर देखरेख कोणाची असते, आणि निदानाचं काम करायचं असेल तर अभ्यासक्रमाला आरसीआयची मान्यता आहे का. आणि मुलाला तपासायला नेणार असाल, तर समोरच्या व्यक्तीचा नोंदणी क्रमांक आधी मागा. तो मागणं हा तुमचा हक्क आहे.