२०० कारखाने आणि ८.५ टक्क्यांचा हिशेब

अनोळखी लोकांना धंद्यासाठी १०० ईमेल पाठवले तर उत्तरे किती येतात? या प्रश्नावर हमखास सांगितला जाणारा आकडा ८.५ आहे. बॅकलिंको या संकेतस्थळाने पिचबॉक्स कंपनीच्या मदतीने २०१९ मध्ये १ कोटी २० लाख ईमेल तपासले, त्यातून तो निघाला. म्हणजे १०० पैकी ९१-९२ जण गप्प राहतात. नव्याने धंदा उभा करणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा आधीच माहीत असायला हवा. दहा मेल गेले, एकही उत्तर नाही, म्हणून ‘आपल्याला हे जमत नाही’ असे मानून थांबलेली माणसे पाहिली की वाईट वाटते. १०० मागे ८.५ हा दर असताना दहाच्या दहा मेलना उत्तर न येण्याची शक्यता ४१ टक्के असते. त्यात कुणाचा दोष नाही.

त्या पाहणीतले मेल प्रामुख्याने ‘आमच्या लेखाचा दुवा द्या’, ‘आमच्याविषयी लिहा’ अशा विनंतीचे होते. समोरच्याने खरेदी करावी म्हणून लिहिलेल्या कोल्ड ईमेलला, म्हणजे ओळखपाळख नसताना पाठवलेल्या मेलला, याहून कमी उत्तरे धरावीत. मी १०० मागे ५ धरतो. उत्तर म्हणजे होकारही नव्हे. ‘सध्या गरज नाही’ हेसुद्धा उत्तरच.

आता एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. समजा, कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एक लहान कास्टिंग युनिट आहे आणि त्याला साखर कारखान्यांच्या रस पंपांचे इम्पेलर, म्हणजे पंपातली फिरती चाके, विकायची आहेत. महाराष्ट्रात दर हंगामात सुमारे २०० साखर कारखाने गाळप करतात. या युनिटची राज्यातली बाजारपेठ एवढीच. ईमेल विक्रीवरचा बहुतेक सल्ला लाखो पत्ते हाताशी असलेल्या कंपन्यांच्या अनुभवातून आलेला आहे, आणि तो इथे जसाच्या तसा वापरला की नुकसान होते.

सर्वात जास्त दिला जाणारा सल्ला म्हणजे ‘दोन मजकूर पाठवून पाहा, चालेल तो ठेवा’. आपल्या युनिटने १०० कारखान्यांना एका विषयाचा मेल पाठवला, उरलेल्या १०० जणांना दुसऱ्या विषयाचा. पहिल्याला ३ उत्तरे आली, दुसऱ्याला ६. दुसरा दुप्पट चांगला, असे कुणीही म्हणेल. संख्याशास्त्र तसे म्हणू देत नाही. १०० पैकी ३ उत्तरे आली असतील तर ९५ टक्के खात्रीने एवढेच सांगता येते की खरा दर ०.६ ते ८.५ टक्क्यांच्या दरम्यान आहे. ६ उत्तरे आली असतील तर तो २.२ ते १२.६ च्या दरम्यान. दोन्ही पट्टे एकमेकांत भरपूर मिसळलेले आहेत. ३ आणि ६ टक्क्यांमधला फरक खरोखरचा असेल आणि तो पाचातल्या चार वेळा तरी पकडायचा असेल, तर प्रत्येक गटात सुमारे ७५० मेल हवेत. दोन्ही मिळून १,५०० झाले, आणि यादीच २०० ची आहे. अशा युनिटने प्रयोगाच्या नादी लागू नये. इतरांनी लाखो मेल खर्चून काढलेले निष्कर्ष वापरावेत आणि उरलेली ताकद कारखान्यांची माहिती काढण्यात घालावी.

मग त्या लाखो मेलमधून निघते काय? बॅकलिंकोच्या पाहणीत त्या माणसापुरता खास लिहिलेला मजकूर असलेल्या मेलना ३२.७ टक्के जास्त उत्तरे मिळाली. इथे घाई करू नये. ही वाढ दरातली आहे. ५ टक्क्यांचे ३७.७ होत नाहीत, ६.६ होतात. एकदा आठवण केल्याने उत्तरे ६५.८ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि एकाच संस्थेतल्या एकाहून जास्त जणांना लिहिले तर दर ९३ टक्क्यांनी जास्त दिसला. जो आठवण करतो तो मुळात यादीही नीट करत असणार, त्यामुळे सगळे श्रेय आठवणीला देता येणार नाही. तरी क्रम बोलका आहे. कोणाला लिहिले आणि पुन्हा विचारले का, या दोन गोष्टी मजकुराच्या सजावटीपेक्षा वरचढ ठरतात. साखर कारखान्यात इम्पेलर झिजलाय हे चीफ इंजिनिअरला ठाऊक असते आणि ऑर्डर खरेदी विभागातून निघते. दोघांनाही, स्वतंत्रपणे, त्यांच्या त्यांच्या कामाचे लिहायला हवे.

वेळेचा मुद्दा मला याहूनही मोठा वाटतो, आणि कोणत्याही जागतिक पाहणीत तो सापडणार नाही. मेल मंगळवारी पाठवावा की बुधवारी यावर पानेच्या पाने लिहिली गेली आहेत. साखर कारखान्याचा इंजिनिअर मात्र वाराकडे पाहत नाही, हंगामाकडे पाहतो. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होते आणि साधारण मार्च-एप्रिलपर्यंत आटोपते. डिसेंबरात मिल रात्रंदिवस चालू असताना नव्या पुरवठादाराचा मेल वाचायला कोणालाही सवड नसते. गाळप संपले की यंत्रे उघडली जातात, ओव्हरहॉलिंग सुरू होते, काय बदलायचे याची यादी तयार होते. तो काळ एप्रिल ते ऑगस्टचा. हाच मेल जानेवारीत गेला तर वाया जातो आणि मेच्या पहिल्या आठवड्यात गेला तर नेमक्या गरजेवर पडतो.

मेल असा असावा:

‘विषय : ओव्हरहॉलिंगसाठी रस पंपांचे इम्पेलर

नमस्कार साहेब, आपल्या कारखान्याच्या खरेदी निविदेत रस पंपांचे सुटे भाग दिसले, म्हणून लिहितो आहे. शिरोलीत आमचे लहान कास्टिंग युनिट आहे. जुन्या नमुन्यावरून स्टेनलेस स्टीलचे इम्पेलर आम्ही करून देतो. यंदा एखादा इम्पेलर बदलायचा आहे का? असल्यास फोटो आणि मापे पाठवावीत, दोन दिवसांत दर आणि मुदत कळवतो. हे काम दुसरे कोणी पाहत असल्यास त्यांचे नाव कळवले तरी चालेल.’

मजकूर ६० शब्दांच्या आसपास आहे. बूमरँग या ईमेल सेवेने २०१६ मध्ये ४ कोटींहून अधिक मेल तपासले, तेव्हा ५० ते १२५ शब्दांच्या मेलना सर्वात जास्त, ५० टक्क्यांच्या थोडी वर उत्तरे मिळालेली दिसली. त्यात ओळखीच्या लोकांचे मेलही होते, म्हणून दर एवढा मोठा. मात्र ५०० शब्दांच्या मेललाही तिथे ४४ टक्के उत्तरे होती, तेव्हा शब्द मोजत बसण्यात अर्थ नाही. त्या पाहणीतली दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे : एक ते तीन प्रश्न विचारणाऱ्या मेलना, एकही प्रश्न नसलेल्यांपेक्षा उत्तर मिळण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त होती. वरच्या मेलमध्ये प्रश्न एकच आहे आणि त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात देता येते. निविदेचा उल्लेख मात्र ती खरोखर पाहिली असेल तरच करावा. खोटा संदर्भ इंजिनिअरच्या पहिल्या वाचनातच उघडा पडतो, आणि २०० च्या बाजारात एक नाव गेले की ते परत मिळत नाही.

मेल पोहोचतो की स्पॅममध्ये पडतो, हा वेगळा हिशेब. गुगलच्या म्हणण्यानुसार जीमेल रोज जवळपास १,५०० कोटी नको असलेले मेल अडवते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पाठवणाऱ्यांचे नियम कडक केले. रोज ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, मेल खरोखर त्याच पाठवणाऱ्याचा आहे हे पटवणाऱ्या, तिन्ही ओळखखुणा आणि एका क्लिकवर नाव कमी करण्याची सोय सक्तीची झाली. लहान पाठवणाऱ्यालाही पहिल्या दोनपैकी एक लागतेच, आणि ‘हे स्पॅम आहे’ अशा तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायच्या असतात. हजार मेलमागे तीन तक्रारी ही लक्ष्मणरेषा. २०० मेलमागे एकाने तक्रार केली तरी साध्या भागाकाराने ०.५ टक्के होतात. म्हणून आठवण एकदा, फार तर दोनदा करावी. ‘नको’ म्हणणाऱ्याचे नाव त्याच दिवशी यादीतून काढावे. जीमेलच्या मोफत खात्यातून दिवसाला ५०० जणांना मेल जाऊ शकतो, तरी दिवसाला दहाच कारखान्यांना लिहावे. वीस कामाच्या दिवसांत यादी पूर्ण होते आणि आलेल्या प्रत्येक मापाला दोन दिवसांत दर देण्याचा शब्द पाळता येतो.

‘किती जणांनी मेल उघडला’ हा आकडा मात्र बाजूला ठेवावा. सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १५ सोबत ॲपलने मेलची गोपनीयता वाढवली, तेव्हापासून माणसाने न उघडलेला मेलही उघडल्याची नोंद होऊ शकते. त्याच्या जोरावर ‘साहेब, आपण मेल वाचलात, पण उत्तर नाही’ असे लिहिणे चुकीचे तर आहेच, शिवाय अपमान करणारेही आहे.

हेच युनिट उद्या जर्मनीतल्या पंप कंपन्यांना लिहू लागले तर नियम बदलतात. जर्मनीत कंपनीलाही जाहिरातीचा मेल पाठवण्याआधी संमती घ्यावी लागते. अमेरिकेत २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्याने आधी संमती लागत नाही, पण खरा विषय, टपालाचा पत्ता आणि दहा कामाच्या दिवसांत नाव कमी करणे बंधनकारक आहे. भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे नियम व्यापारी फोन आणि एसएमएसला लागू आहेत, ईमेलला नाहीत.

२०० कारखाने, १०० मागे ५ या दराने १० उत्तरे. आठवणीने वाढून ती १६ झाली आणि त्यातल्या ६ जणांनी मापे पाठवली, तर युनिटच्या वहीत सहा पंपांची खरी मापे आणि सहा इंजिनिअरांची नावे आली. पुढच्या एप्रिलमध्ये त्या सहा जणांना लिहिलेला मेल अनोळखी माणसाचा नसेल.